४८ तासांचा कायदा आणि ३६ तासांची ड्युटी

चळवळीतले आमचे एक जुने मित्र आहेत. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांचा मुलगा एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनच्या एम.डी.ला लागला तेव्हा वस्तीत फटाके वाजले, विहारात सत्कार झाला, आम्हीही चार शब्द बोललो. वस्तीतला पहिला एम.डी. होणार म्हणून म्हातारी माणसे त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्यात सर्वांत पुढे त्याची आजी होती.

पहिल्याच वर्षी ती आजी वारली. निरोप गेला तेव्हा मुलगा आदल्या सकाळपासून ड्युटीवर होता. त्याने वरच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला सांगितले. उत्तर आले, "आजीच ना? संध्याकाळी नीघ आणि सकाळच्या राउंडला हजर राहा." गाव सात तासांच्या अंतरावर. तो अंत्यविधीला पोहोचला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही त्याला सुटी मिळाली नाही. त्याच महिन्यात त्याच्याच युनिटमधला एक सहकारी चुलत बहिणीच्या साखरपुड्याला चार दिवस जाऊन आला.

आम्ही त्याला विचारले, हा जातीचा प्रकार आहे काय? तो म्हणाला, "काका, मला खरंच माहीत नाही. मी लेखी अर्ज दिलाच नव्हता. तिथे लेखी अर्ज द्यायची पद्धतच नाही. सीनियरला सांगायचं, तो हो म्हणाला तर जायचं."

हे उत्तर आमच्या डोक्यातून जात नाही. अन्याय झाला असेल तर तो सिद्ध करता येत नाही, आणि झाला नसेल तर तशी खात्रीही देता येत नाही. कारण कागदच नाही. आजचा लेख त्या नसलेल्या कागदाविषयी आहे.

ज्यांच्या घरात अजून कोणी डॉक्टर झालेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी., एम.एस.साठी तीन वर्षे रुग्णालयात राहून काम करावे लागते. त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. शासकीय आणि महापालिका रुग्णालयांत रात्री दोन वाजता आपण आईला घेऊन जातो तेव्हा जो डॉक्टर समोर येतो तो बहुधा हाच असतो. प्राध्यापक घरी असतात, फोनवर असतात. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस आला की हा पोरगा सकाळी आठला कामाला लागतो, रात्रभर रुग्ण दाखल करून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी झोपायला न जाता राउंड, ओपीडी, रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद करीत संध्याकाळपर्यंत उभा असतो. याला ३६ तासांची ड्युटी म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला आठवड्यात असे एकाहून अधिक दिवस येऊ शकतात. साप्ताहिक सुटी कागदावर असते. अंघोळ झाली तर तो दिवस चांगला गेला, असे ही मुले हसत हसत सांगतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७च्या निर्देशांनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी योजना लागू केली. सलग ड्युटी सामान्यतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी, कनिष्ठ निवासी डॉक्टरने आठवड्याला साधारणपणे ४८ तास काम करावे, पाळीपाळीने आठवड्याची एक सुटी मिळावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

४८ हा आकडा वाचून आपल्या वाचकांना काही आठवले असेल. आठवायलाच पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाच्या तासांचा प्रश्न त्यांनी सरकार, मालक आणि मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदेच्या टेबलावर आणला. १९४५ साली कारखान्यातील कामगाराला पगारी सुटी देणारी दुरुस्ती झाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याही आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. म्हणजे गिरणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला जे १९४६ साली कायद्याने मिळाले, ते मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आजही प्रत्यक्षात मिळालेले नाही.

फरक कशाचा आहे? कारखान्यात हजेरीपट असतो, जादा तासांचा हिशेब असतो, तपासायला कारखाना निरीक्षक येऊ शकतो. तो किती प्रामाणिकपणे येतो हा वेगळा प्रश्न, पण येऊ शकतो. एस.टी.च्या चालकालाही २०२५पर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ लागू होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास. निवासी डॉक्टर किती तास जागा आहे हे मोजणारा कोणीही नाही. तासांविषयी विचारले की व्यवस्था म्हणते, हे विद्यार्थी आहेत, शिक्षण घेत आहेत. संप केला की तीच व्यवस्था म्हणते, ही अत्यावश्यक सेवा आहे, मेस्मा लावू. कामाला लावताना नोकर आणि हक्क मागताना विद्यार्थी! ही दुहेरी भाषा आपल्या समाजाला नवी नाही.

आणि पुढे काय झाले ते पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले. त्यात निवासी डॉक्टर 'वाजवी तास' काम करतील आणि त्यांना विश्रांतीला 'वाजवी' वेळ मिळेल असे म्हटले. वाजवी म्हणजे किती, हे सांगितले नाही. आकडा गेला आणि विशेषण आले. याच आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने २०२४ साली शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. १९९२ साली ४८, २०२३ साली वाजवी, २०२४ साली ७४. यालाच सुधारणा म्हणायचे काय? आणि ७४चीही केवळ शिफारस आहे. त्याच कृती दलाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे नोंदवले. शंभरातली एकतीस मुले. आपण ज्यांच्या सत्काराला हार नेतो त्यांच्यातली.

'आम्हीही केले, तुम्हीही करा' असे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. रात्र रात्र जागल्याशिवाय डॉक्टर घडत नाही, असेही म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. रोग रात्री वेगळा दिसतो, आणि रुग्णाजवळ थांबूनच तो कळतो. पण तिसाव्या तासाला हा मुलगा काय शिकतो? तो रक्ताच्या नळ्या घेऊन प्रयोगशाळेत धावतो, एक्स-रे शोधतो, योजनेचे फॉर्म भरतो, वॉर्डबॉय नाही म्हणून ट्रॉली ढकलतो. हे शिक्षण नव्हे. रिकाम्या पदांचे ओझे एका झोपाळू माणसाच्या डोक्यावर ठेवणे आहे.

झोपेविषयी तर विज्ञानच बोलले आहे. डॉसन आणि रीड या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात १९९७ साली एक प्रयोग केला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिले पडतात असे दिसले. २४ तासांनंतर ते सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के मद्य सापडले की चालकावर गुन्हा दाखल होतो. ज्या अवस्थेत माणसाला रिक्षा चालवू देत नाहीत, त्याहून वाईट अवस्थेत आपण त्याच्या हातात सुई आणि सुरी देतो. आणि त्या सुईखाली कोण असतो? ज्यांच्याकडे पैसा आहे ते खासगी रुग्णालयात जातात. शासकीय रुग्णालयाच्या खाटेवर आणि खाटेखालच्या सतरंजीवर आपलीच माणसे असतात. मुलगाही आपला, रुग्णही आपला.

अमेरिकेत हा प्रश्न एका मुलीच्या मृत्यूने ऐरणीवर आला. १९८४ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची तरुणी दगावली. तिचे वडील पत्रकार होते. थकलेल्या, एकावेळी असंख्य रुग्ण सांभाळणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती रात्र सोपवणारी पद्धतच दोषी आहे, हे त्यांनी लावून धरले. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली, २००३ साली ८० तासांची मर्यादा देशभर आली. युरोपात २००९पासून शिकाऊ डॉक्टरांनाही ४८ तासांचा नियम लागू झाला. झायन बापाच्या हाती लेखणी होती म्हणून हे झाले, हेही विसरू नये. आपल्याकडे रात्री दगावलेल्या बाईचा नवरा बिगारी असतो. तो प्रेत नेण्यासाठी गाडी शोधत असतो.

आणखी एक गंमत सांगतो. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहावे ही अमेरिकन पद्धत जॉन्स हॉपकिन्स येथे ज्यांनी १८८९च्या सुमारास रूढ केली, ते डॉ. हॉलस्टेड थोर शल्यविशारद होते. पण त्यांना आधी कोकेनचे आणि नंतर मॉर्फिनचे व्यसन होते. कष्टाचा जो आदर्श सांगितला जातो त्याच्या मुळाशी असा माणूस आहे, हे 'आम्हीही केले' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर तास कमी केले की सर्व दुखणी संपतात असे नाही. २००४ साली बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागात केलेल्या अभ्यासात जुन्या, लांब ड्युटीच्या पद्धतीत गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. पण पुढे अमेरिकेतच झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत कडक मर्यादा आणि सैल मर्यादा यांच्यात रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. याचे एक कारण असे की पाळी बदलली की रुग्णाची माहिती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाताना सांडते. म्हणून तासांबरोबर पाळीबदलाची लेखी नोंदही हवी, आणि मुख्य म्हणजे माणसे हवीत. हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास १६८. एका वॉर्डात चोवीस तास एक डॉक्टर उभा करायचा आणि त्याने ४८ तासच काम करायचे, तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, परीक्षा धरली की चार. जिथे दोन आहेत तिथे दोघांनी ८४-८४ तास करायचे, असे ठरवूनच जाहिरात निघते. २०२३च्या जानेवारीत मार्डने राज्यभर संप केला तेव्हा वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा ही एक मुख्य मागणी होती. ती मागणी डॉक्टरांच्या सोयीची म्हणून वाचली गेली. खरे तर ती रुग्णांची मागणी होती.

आता आपल्या चळवळीचा सवाल. आमच्या एका कार्यकर्त्याने आम्हाला रोखठोक विचारले, "२००६ साली हेच निवासी डॉक्टर ओबीसी आरक्षणाच्या विरोधात रस्त्यावर आले होते. निषेध म्हणून त्यांनी रस्ते झाडले, बूट पॉलिश केले. आपल्या बापजाद्यांचे कष्ट त्यांना शिक्षा वाटले. त्यांच्या तासांसाठी आपण का भांडावे?"

प्रश्न खरा आहे आणि तो अपमान आम्हीही विसरलेलो नाही. पण तेव्हाचे रस्त्यावरचे डॉक्टर आणि आजचा वॉर्डातला आपला मुलगा एक नाहीत. अखिल भारतीय कोट्यातील पदव्युत्तर जागांवर अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण २००७ साली मिळाले, ओबीसींना २०२१ साली. आपली मुले आता तिथे आहेत, आणि एकेकटी आहेत. ३६ तासांची ड्युटी सर्वांनाच छळते. पण कोणाला किती, कोणत्या सणाला कोण, कोणाला शस्त्रक्रियागृहात आणि कोणाला कारकुनीत, हे ठरवणारा हात ज्याचा असतो त्याच्या मर्जीप्रमाणे ती कमी-जास्त छळते. जिथे नियम लिहिलेला नसतो तिथे ओळख चालते, आडनाव चालते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाचा अहवाल दिला. देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि शिक्षकांकडून कशी वागणूक मिळते ते त्यात आले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हिने जीव दिला. तडवी भिल्ल समाजातली, जळगाव जिल्ह्यातली, स्त्रीरोग विभागाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण तिच्या घरच्यांच्या तक्रारीत जातिवाचक छळाबरोबर हेही होते की तिला शस्त्रक्रिया आणि प्रसूतीच्या कामापासून दूर ठेवले जात होते. काम देणे हे जसे छळाचे साधन, तसे काम न देणे हेही. दोन्हींची नोंद कुठेही राहत नाही. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांना त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात जे घडले त्याने सारा देश हादरला. लांबलचक ड्युटीवर असलेली डॉक्टर रात्री पाठ टेकायला सभागृहात गेली, कारण विश्रांतीला दुसरी जागा नव्हती. तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिला मारले. त्यानंतरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या ३६-३६ तासांच्या कामाला अमानुष म्हटले. निषेधाच्या मेणबत्त्या लागल्या. सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, कडक कायदा या मागण्या झाल्या, त्या योग्यच. पण ती इतकी का थकली होती, हा सवाल चार दिवसांत मागे पडला.

रजेचेही तसेच. २०२३च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा आहे. ती मागितली की युनिटमधले बाकीचे दोघे मरणार, हे मागणाऱ्याला ठाऊक असते. मग तो मागतच नाही, आणि मागणाऱ्याला बाकीचे कामचुकार म्हणतात. वॉर्डात काम करून क्षयरोग झालेल्या डॉक्टरला उपचारासाठी पगारी रजा, गरोदर डॉक्टरला प्रसूती रजा, या मागण्या मार्डला वर्षानुवर्षे कराव्या लागल्या. दुसऱ्यांच्या प्रसूती करणाऱ्या बाईला स्वतःच्या प्रसूतीसाठी निवेदन द्यावे लागते!

मात्र मार्डच्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. त्याच वॉर्डात कंत्राटी सफाई कामगार आहे, आया आहे, वॉर्डबॉय आहे. ठेकेदाराच्या वहीत त्यालाही साप्ताहिक सुटी नाही, प्रसूती रजा नाही, अनेकदा हातमोजेही नाहीत. त्याच्या तासांविषयी तुमच्या निवेदनात एक ओळ आम्ही वाचलेली नाही. ती ओळ आली तर तुमच्या मोर्चात निळे झेंडे दिसतील.

तोपर्यंत आपण काय करायचे? मोर्चा नंतर, आधी कागद. प्रत्येक युनिटचे ड्युटीचे वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीला लेखी लागले पाहिजे, बदल झाला तर कोणी आणि का केला ते लिहिले पाहिजे. रजेचा अर्ज लेखी घ्यावा, नाकारला तर कारण लेखी द्यावे. आणि त्याविरुद्ध दाद मागायची जागा त्या विभागाच्या बाहेर असावी. कारण विभागातच परीक्षा आहे, विभागातच प्रबंधावर सही आहे, आणि मध्येच जागा सोडली तर लाखोंच्या दंडाचा बाँड आहे. इतक्या दोऱ्यांनी बांधलेला मुलगा विभागप्रमुखाविरुद्ध विभागप्रमुखाकडेच तक्रार कशी करील?

यातले पहिले पाऊल टाकायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. माहितीच्या अधिकारात अधिष्ठाता कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. गेल्या सहा महिन्यांची युनिटनिहाय ड्युटीची वेळापत्रके, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे रजेचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, आणि मंजूर पदे किती, भरलेली किती. वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. 'अशी नोंद ठेवली जात नाही' असे उत्तर आले, तर तेच लेखी कबुलीचे उत्तर घेऊन पुढे जाता येते.

आमच्या त्या मित्राने असा अर्ज लिहूनही ठेवला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, माझी परीक्षा होईपर्यंत थांबा." मित्र आमच्याकडे तो कागद घेऊन आले आणि गप्प बसून राहिले. माहिती मागणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही, आणि तो कोणाचा बाप असावा लागत नाही. म्हणून खाली त्यांचे नाव खोडून आम्ही आमचे लिहिले, आणि सोमवारी जाऊन पोच घेऊन आलो.